डबा कोणाचा होता

आबा, आज धुळ्याच्या कोर्टात मी एका नवऱ्याला सोडवलं. त्याच्या घरात चुलीमागे हातभट्टीचा डबा सापडला होता. घर नवऱ्याचं म्हणजे दारूही नवऱ्याची, असं पोलिसांनी धरूनच टाकलं होतं. मी म्हटलं, त्या घरात बायकोही राहते. डबा ह्याचाच होता, निदान ह्याला माहीत होता, एवढं तरी दाखवा. त्यांना दाखवता आलं नाही. बाहेर आल्यावर त्याने मला हात जोडले, त्याची बायको मात्र दुसरीकडे बघत उभी राहिली. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

साक्रीकडच्या आपल्या घरी पोलीस आले, त्यांना असाच डबा सापडला, तेव्हा तुम्ही दोंडाईच्याच्या जिनिंगमधून सुटीवर आला होता. आई मोहाची गाळायची. तुम्हाला तो वाससुद्धा सहन व्हायचा नाही, त्यावरून तुमचं वाजायचं. जमादार विचारतोय, "घर कोणाचं?" तुम्ही सदऱ्याची बटणं लावत म्हणता, "घर मनं शे. डबा बी मनाच शे." आईच्या मांडीवर तान्ही धाकटी. तरी आई तुमच्या बाजूने बोललीच, "साहेब, त्या कधी पेतस नहीत!" जमादार हसला. "पितो का, हे कोण विचारतंय? घरातला माल कर्त्या पुरुषाचा." झालं, पंचनामा आटोपला. तुम्ही तुरुंगातून परत आलात, आईने भट्टी कायमची मोडली, पण गावाने तुम्हाला दारूवाला म्हणायचं काही सोडलं नाही. कापसाच्या धुळीनं तुमची छाती गेली, तरी लोक म्हणाले, दारूनं गेला. मला त्यांचा फार राग यायचा.

तो राग करायचा अधिकार मला नाही, हे सांगायला लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर वर्षभराने मला असोद्याचं स्थळ आलं. पाहुण्यांनी त्या जुन्या केसचं विचारलं, घरात भट्टी कोणाची होती तेही. आई शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "आबांचीच होती. पीत होते ते." पिण्याचा आळ तर जमादारानेही घेतला नव्हता. आईने मान खाली घातली आणि आम्ही दोघींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

हे पत्र फाडून टाकीन, आईच्या हाती लागायला नको. तिला वाचवायला तसं बोलले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर आबा, मला ते स्थळ हवं होतं.