आबानोच्या नाट्यगृहातलं बिऱ्हाड

आबानो,
४ मार्च २०१३

चि. केतो हीस
अ. उ. आ.

थेस्सलोनिकीची बस उद्या निघते, म्हणून घाईने लिहिते आहे. फोनवर मला एकाच कानाने अर्धंमुर्धं ऐकू येतं, आणि उरलेलं तू रडण्यात घालवतेस. त्यापेक्षा कागद बरा. सोबत मिरचीची अजिका पाठवली आहे. ती तुझ्या ग्रीक म्हातारीला चाखवू नकोस. तिला काही झालं तर तुझी नोकरी जायची.

बातमी अशी की, आपलं नाट्यगृह खरंच दुरुस्त होणार. तिबिलिसीहून नोदार नावाचे वास्तुविशारद आलेत. छताची नक्षी बघताना टोपी पडली तरी त्यांना शुद्ध नव्हती. गरम झऱ्यांवर उपचाराला येणाऱ्या लोकांची संध्याकाळ जावी म्हणून हे नाट्यगृह बांधलं, पहिल्या खेळाला माणसं स्नानगृहातून थेट ओल्या केसांनी आली होती, असं सांगत होते. मी म्हटलं, बाबा, आम्ही वीस वर्षं इथे राहतोय, पण वर बघायला सवड कुणाला होती?

मग त्यांनी विचारलं की सभागृहातल्या खुर्च्या कुठे गेल्या. मी सांगितलं, पहिल्या दोन हिवाळ्यांत जाळल्या. लढाईत आमचं सुखुमी शत्रूच्या हाती पडल्यावर बर्फातून डोंगर ओलांडून आलेली लेकरं गारठत होती. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. पण पूर्वी तिकीटखिडकीवर बसणारी वेनेरा मागेच उभी होती. ती म्हणाली, अक्रोडाच्या लाकडाच्या खुर्च्या होत्या, या लोकांनी त्यांच्यावर मक्याच्या पिठाची घोमी शिजवून खाल्ली. इतकी वर्षं तिचं हेच पालुपद.

सगळ्या बिऱ्हाडांना समुद्रकाठच्या पोती शहरात नवे फ्लॅट मिळणार आहेत. शेजारच्या खोलीतली गुलिको सही करून मोकळी झाली. मी केली नाही. का, ते तुला सांगायला नको.

जपून राहा. आईवर माया आहे तशीच असू दे.

तुझी आई,
त्सियाला


थेस्सलोनिकी,
२९ मार्च २०१३

ती. आईस
सा. न. वि. वि.

अजिका पोचली. म्हातारीने चोरून चाखलीच, आणि आता रोज मागते.

आई, सही कर. हात जोडून सांगते. बाद्री येईल तो इथेच येईल, हे तू मला लहानपणापासून ऐकवलंस. सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तू निरोप दिलास की आम्ही आबानोच्या नाट्यगृहात आहोत, रंगमंचामागच्या तिसऱ्या खोलीत. पण आई, दादा एकोणीस वर्षांचा असताना गेला. शेजारच्या आजीला आणायला म्हणून मागे फिरला तो फिरलाच. जिवंत असता तर एवढ्या वर्षांत कुठूनतरी खबर आली असती.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. खोडणार होते, पण खोडत नाही. एक दादा गेला, त्याच्यापायी तू त्या ओलसर खोलीत खोकत बसायचं, आणि मी इथे परक्या म्हातारीची उशी सारखी करायची. पोतीला ऊन आहे, समुद्र आहे. गुलिकोमावशी शेजारी असेल. भांडायला तरी कुणी हवं ना तुला?

रागावलीस तरी लिही. तुझ्या पत्राखेरीज मला इथे दुसरं माणूस नाही.

तुझी,
केतो


आबानो,
१८ नोव्हेंबर २०१३

चि. केतो हीस
अ. उ. आ.

उन्हाळाभर रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. आता राग उरला नाही.

सगळी बिऱ्हाडं गेली. मी एकटीच. नोदार भला माणूस. माझी खोली सोडून चारही बाजूंनी काम चालवलंय. दुपारी माझ्याकडे घोमी खायला येतात. एकदाही सहीचं नाव काढलं नाही. उलट कुठल्या खोलीत कोण राहायचं, कुणाचं लग्न इथे झालं, कुठलं मूल जन्मलं, ते विचारतात. म्हणतात, हीसुद्धा या इमारतीचीच हकीकत आहे.

केतो, आता जरा खाली बस. मी हे फोनवर सांगू शकले नसते. मागे बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्यांनी हाडांशी जुळवून बघायला माझं रक्त नेलं होतं. ते काल आले, दोघं. मी त्यांना चहा ठेवला. त्यांनी तो प्यायला नाही, तेव्हाच समजले. सुखुमीतल्या एका बागेत बरेच जण एकत्र पुरलेले सापडले. त्यांत आपला बाद्री आहे. ते म्हणाले की शंकेला जागा नाही. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच म्हणाले.

थोड्याच दिवसांत त्याला आणून देतील. तू यायचं म्हणू नकोस. तुझे कागद व्हायचे आहेत, आता निघालीस तर परत शिरू देणार नाहीत, हे मला कळतं.

तुझी,
आई


थेस्सलोनिकी,
२७ नोव्हेंबर २०१३

ती. आईस
सा. न. वि. वि.

काय लिहू? म्हातारीने मला जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवला. तिला आपली भाषा येत नाही, मला रडताना तिची येत नाही.

एकच विचारते. दफनाआधी लोक दर्शनाला येतील, तेव्हा दादाला ठेवशील कुठे? त्या खोलीत पेटी वळणारही नाही. आणि त्या गावात आपल्याकडे येणार तरी कोण?

माझ्या वाटचीही त्याला हाक मार.

केतो


पोती,
२ फेब्रुवारी २०१४

चि. केतो हीस
अ. उ. आ.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला.

नोदारनी काम थांबवलं. कारागिरांनी रंगमंच झाडून घेतला, परांची काढली, आणि बाद्रीला मधोमध ठेवलं. पेटी लहान होती गं. मी त्याच्या उशाशी एका पालथ्या बादलीवर बसले. समोर अख्खं सभागृह मोकळं, बसायला काही नाही. वाटलं, बरंच झालं, येणार तरी कोण.

पहिली वेनेरा आली. हातात स्वयंपाकघरातली खुर्ची. ती माझ्याजवळ मांडून मला बादलीवरून उठवलं, त्यावर बसवलं. मग तिचा जावई दोन घेऊन आला. मग गल्लीतले, स्नानगृहातल्या बायका, बेकरीवाला, ज्याने आम्हांला कधी उधार दिलं नाही तो. प्रत्येकाच्या डोक्यावर, खांद्यावर घरची खुर्ची. संध्याकाळपर्यंत बाल्कनीखालपर्यंत माणसं बसली होती. खुर्च्या जाळल्याचं कुणी बोललं नाही. वेनेराने मला विचारलं की मुलगा कसा होता. केतो, इतक्या वर्षांत आबानोत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत बसले, आणि ती ऐकत बसली. तुझी हाकही मारली.

त्याला आबानोलाच ठेवलंय, टेकडीवर. वेनेरा म्हणाली, कबरीकडे मी बघेन, तू जा. मग मी सही केली.

इथे खोली कोरडी आहे. गुलिको भिंतीपलीकडून घोरते. काल रात्री निजायच्या आधी मी दाराला आतून कडी घातली. आबानोत मी ती एकदाही घातली नव्हती. घातल्यावर बराच वेळ हात कडीवरच राहिला. मग जाऊन झोपले.

तुझे कागद होतील तेव्हा ये. घाई करू नकोस, पण ये. दार जोराने वाजव, मला कमी ऐकू येतं.

तुझी,
आई