पऱ्हाट्यांचा कोळसा आणि ड्रमचं भोक

तिसगाव,
रविवार दुपार

नूरमहंमद मिस्त्री यांस,

गहिनीनाथचा रामराम, सलाम आणि एक शिवी. (शिवी कागदावर नको, असं छबू म्हणाली, म्हणून ती तू मनातच वाच.) गुडघा कसा आहे? वहिनी गेल्यावर उझैर तुला केडगावला घेऊन गेला, ते बरंच केलं. पण तो म्हणतो, अब्बा दोन घास खाऊन ताटावरून उठतात. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे वाजतही नाही आणि कापताही येत नाही.

इथली हकीकत अशी. कापूस निघाला आणि दरसालासारखा मी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या बांधावर पेटवायला निघालो, तर कृषी खात्याच्या पंकजाताई आडव्या आल्या. म्हणाल्या, "काका, उघड्यावर जाळलं की मूठभर राख उरते, बाकी सगळं धूर होऊन वर जातं. तेच हवा कोंडून भाजा, कोळसा होईल. तो मातीत शेकडो वर्षं टिकतो, स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. बायोचार म्हणतात त्याला." शेकडो वर्षं टिकणारं काही माझ्या हातून होईल, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं (लग्नात भटजींनी सात जन्म सांगितले, पण ते छबूच्या भरवशावर). मी लगेच ड्रम काढला. आमच्या ओमच्या लग्नात पाणी तापवायला तू बनवून दिलेला, तोच. पऱ्हाट्या ठासल्या, पेटवल्या, झाकण घातलं, कडेनं ओली माती लिंपली. नियम एकच, पुरता गार होईस्तोवर उघडायचा नाही. मी उघडला. आतल्या निखाऱ्यांना हवा मिळाली, भडका उडाला आणि माझी डावी मिशी गेली. शेजारची कडूबाई "आवं, कडबा पेटला का काय!" म्हणत धावत आली आणि भरली बादली माझ्याच डोक्यावर ओतली. (कडबा लांब होता. "लई दिसांपासून मनात हुतं," असं नंतर छबूजवळ म्हणाली.)

दुसऱ्या खेपेला मात्र कोळसा झाला, काळाभोर आणि पिसासारखा हलका. आनंदाच्या भरात मी तो कुटून थेट छबूच्या मेथीच्या वाफ्यात घातला. आठवड्यात मेथी पिवळी. पंकजाताईंनी कपाळाला हात लावला. कोरा कोळसा उपाशी असतो म्हणे, पिकाच्या वाट्याचं नत्र आधी स्वतःच ओढून घेतो. शिवाय तो खारा आणि आपली जमीन चुनखडीची, तेव्हा बेतानंच घालायचा. शेणखतात, गोमूत्रात मुरवायचा, त्याचं पोट भरलं की मग रानात. तसं केलं आणि मेथी पुन्हा पेरली. काय सांगू, पाण्याची पाळी चुकली तरी पान मलूल होत नाही.

पहिली जुडी खुडली तेव्हा छबू म्हणाली, "गौहरभाभी असती तर आर्धी तिकडं गेली असती." भाजी तशीच राहिली, दुसऱ्या दिवशी केली. तुझ्या ओट्यावर मी संध्याकाळी जरा बसून येतो (घर ओस आहे असं कुत्र्यांना वाटू नये म्हणून).

आता अडचण. ड्रमच्या बुडाला भोक पडलंय. तिथून हवा शिरते आणि सगळ्याची राख होते. दुसरा वेल्डर मिळतो, पण त्याचा टाका मला पटत नाही. तुझं मशीन मी पुसून ठेवलंय. काम तासाभराचं आहे, पण मुक्कामानं ये.

तुला, म्हणजे तिच्या भावजींना, छबूचा नमस्कार. उझैरला आशीर्वाद.

तुझा,
गहिनीनाथ

ता.क. – छबूनं पत्र वाचलं. म्हणते, "खरं लिवा, न्हाईतर मी लिवते." तर खरं असं, की भोक आपोआप पडलेलं नाही. मी छिन्नी लावून पाडलं. अख्खी दुपार गेली. तुझं काम फार पक्कं आहे रे.

आणखी एक – या आठवड्यात आला नाहीस, तर ड्रम टेम्पोत घालून मीच केडगावला येतो. उझैरच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का, तेवढं कळव.