हिरवी गाडी, चालू स्थितीत, भावजयीस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली एक्स-रे तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही. उलट ‘इतक्यात कशाला’ म्हणत बरेच जण आडवे आले. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मागे भांडण झालंच तर ते गाडीवरून होईल, म्हणून बाकीचं आधी उरकते.

१. राहतं घर, दोन खोल्यांचं, पुतण्याला द्यावं. त्याने ते विकावं किंवा ठेवावं. ठेवलंच, तर स्वयंपाकघराची खिडकी जोर लावून ओढू नये. आधी जरा वर उचलावी, मग ढकलावी.

२. बँकेतल्या ठेवीतून रुग्णालयाच्या एक्स-रे विभागाला शिशाचे नवे एप्रन घेऊन द्यावेत. आत्ताचे वरून धड दिसतात, आतून तडकलेले आहेत. निवृत्त होताना मी हे सांगितलं, तेव्हा अधीक्षक ‘बघू’ म्हणाले होते. आता बघावं.

३. हिरवी गाडी. ही आमच्या रुग्णालयातल्या म्हाताऱ्या सर्जनची. डार्करूममधून बाहेर आलं की समोर तीच दिसायची, आणि हिच्या आत काय काय असेल, हा विचार माझी पाठ सोडत नसे. पेशाच तसा. सर्जन मुलीकडे राहायला निघाले तेव्हा मी ती मागून घेतली. किल्ली देताना ते म्हणाले, “पैसे गाडीचे घेतले. काळजी फुकट देतोय.”

ती काळजी काय असते, हे जिला गाडी मिळणार तिला ठाऊक आहे; तरी इतरांसाठी लिहिते. आभाळ भरून आलं की आधी पत्र्याचा गंज आठवतो, मग वाळत घातलेले कपडे. रस्त्यात उभी केली की जेवणात लक्ष नाही, कोणी खिळ्याने ओरखडा तर काढत नसेल? घरात ठेवली तर बॅटरी उतरते, बाहेर काढली तर इंजिन तापतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. अशीच दुसरी गाडी कुठे तरी मोडीत निघावी, म्हणजे आपलीला दरवाजाची मूठ मिळेल, अशी पापी वाट पाहावी लागते. तशीच वाट माझीही कोणी पाहतं. मोटारी जमवणारे एक गृहस्थ अधूनमधून फोन करून माझ्या तब्येतीची इतकी आस्थेने चौकशी करतात की, फोन ठेवल्यावर मी नाडी तपासते. त्यांना गाडी देऊ नये. त्यांच्याकडे गाड्या काचेमागे असतात.

४. गाडी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला द्यावी. का, ते लिहिणं भाग आहे.

एकदा तिला दाताच्या डॉक्टरकडे नेत होते. पाण्याच्या टाकीच्या उतारावर ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. मी गिअर खाली ओढला, हँडब्रेक उपसला, चाकं फुटपाथच्या कडेला घासली. शेवटी एका बांधकामाच्या वाळूत नाक खुपसून गाडी थांबली. भावजय उतरली. ही बाई लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी बोलली ती दुखणीखुपणी आणि मुलाच्या परीक्षा, एवढंच. ती वाळूत गुडघे टेकून गाडीखाली पाहत राहिली आणि म्हणाली, “ताई, पाय तुमचा इथे, आणि थेंब गळतोय तिकडे चाकापाशी. मधे काय असतं?”

तिथेच बसून मी तिला सांगितलं, पायाचा दाब नळीतल्या तेलातून चाकापर्यंत कसा जातो ते. मग तिचा पुढचा प्रश्न आला, मग त्याच्या पुढचा. दात राहिला बाजूला.

नळी आतून खाल्ली गेली होती, बाहेरून तुकतुकीत. मी तिचा तुकडा रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढून घेतला. ती फिल्म मिस्त्रीने हौसेने गॅरेजच्या खिडकीला लावली आहे, ती तिथेच राहू द्यावी.

भाऊ त्याच संध्याकाळी आला. तो विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करायचा. तो ओरडला नाही. म्हणाला, “ताई, तू हाडं बघितलीस ती जित्या माणसांची. मी गाड्या बघितल्या त्या मेलेल्या. सीटकडे पाहून मला कळतं, कोण बसलं होतं ते. हिला पुन्हा तुझ्या गाडीत बसवू नकोस.” मी म्हटलं, बायकोला कापसात गुंडाळून ठेवतोस. तो उठला, आणि पुढे वर्ष-दीड वर्ष माझ्या दारात आला नाही.

भावजय मात्र बसने येऊ लागली. नवऱ्याला तिने स्पष्ट सांगितलं, मी गाडी शिकते आहे. तो त्या दिवशी जेवला नाही. ती जेवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. परवाना तिला दुसऱ्या खेपेला मिळाला. आमच्यात फरक एवढाच की, नवा आवाज आला की मी घाबरते, आणि ती गाडी बाजूला घेते, उतरते, कान लावते. शोध लागेपर्यंत घरी जात नाही.

हे कलम लिहिण्याआधी मी भावाला निरोप धाडला. विरोध असेल तर माझ्या तोंडावर कर, मेल्यावर कोर्टात नको. तो आला, जुनी विजेरी आणि दांडीला बसवलेला आरसा घेऊन. सरळ गाडीखाली शिरला. सबंध सकाळ तिथे होता. भावजय स्टुलावर बसून पाने देत होती, आणि मधेच इंजिन चालू कर, बंद कर, असं तो तिला सांगत होता. मला वाटलं, आता दोषांची लांबलचक यादी निघणार.

बाहेर आला तेव्हा कपाळाला काळं लागलेलं. बोटांकडे पाहत म्हणाला, “ताई, मी जन्मात पहिल्यांदा चालू गाडीखाली गेलो. तेल कोमट असतं गं.”

५. भावाने सांगितलेल्या अटी, त्याच्याच शब्दांत: दुहेरी ब्रेक, म्हणजे एक नळी गेली तरी दुसरी धरेल असे, आणि सीटचे पट्टे बसवल्याशिवाय गाडी उतारावर नेऊ नये. नळ्या दर वर्षी तपासाव्यात. तपासणी मी स्वतः करीन.

मला मान्य आहे.

साक्षीदार म्हणून सही करायला भाऊ पेन काढून बसला होता. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाईंनी थांबवलं; गाडी त्याच्या बायकोला मिळणार, तेव्हा त्याची साक्ष चालत नाही. मग मी इथे करू काय, असं त्याने विचारलं. भावजय किल्ली उचलून म्हणाली, “दुसऱ्या साक्षीदारांना आणायचंय. तुम्ही चला, रस्ता सांगा.” रस्ता तिला पाठ आहे. तरी दोघं गेली.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: (एक्स-रेवाल्या ताई)
साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर, दाखला देणारे.
साक्षीदार दुसरे: निवृत्त ग्रंथपाल, भावाचे शेजारी. गाडीने आले, वाटेत दोनदा थांबून आवाज शोधल्यामुळे उशीर झाला, अशी त्यांची तक्रार आहे.
ठिकाण: राहत्या घराचं जेवणाचं टेबल.
दिनांक: अकरा जानेवारी, दुपार. भाऊ अजून वर आलेला नाही. बॉनेट उघडं आहे.