डबा बंद का पडतो

दातिवरे,
रविवार, दुपार

प्रिय धर्मेश,

आधी एक गोष्ट लिहून टाकते. बोईसरजवळच्या वृद्धाश्रमाचा जो फॉर्म तू हैदराबादहून पाठवलास, त्यावर मी सही करणार नाही. बाबा या घरातून कुठेही जाणार नाहीत. एवढ्यावर तुला पत्र ठेवून द्यायचं असेल तर ठेव. पण वाचलंस तर बरं, कारण ज्या पुराव्यावर तू हा निर्णय घेतलास त्याचा छडा मी लावला आहे.

गेल्या एप्रिलमध्ये बाबा उन्हाने कोसळले, पालघरला दोन दिवस सलाईनवर होते, तेव्हा तू एसी पाठवलास. त्याबद्दल तुला कधी नावं ठेवली नाहीत. भिंतीवर तो स्मार्ट थर्मोस्टॅट बसवलास, खोली तापली की आपोआप एसी चालू करणारा, तेही चांगलंच केलंस. पण तो डबा रोज अकरा-साडेअकराला बंद पडायला लागला. तुझ्या मोबाइलवर ‘संपर्क नाही’ असं आलं आणि तू ठरवलंस की अंगणवाडीत जाताना ताई एसी बंद करून जाते. मला विचारलंसही नाहीस. माहीमला नलूमावशीला फोन केलास. ती हळदीच्या कार्यक्रमात, वीस बायकांसमोर मला म्हणाली, ‘बापूस उकडतंय घरात, नि तू सरकारची पोरं सांभालते?’ हातातलं ताट तिथेच ठेवून मी घरी आले. अकरा वर्षं मी बाबांचं करते आहे, धर्मेश. तुझा विश्वास एका डब्यावर बसला, माझ्यावर नाही.

त्या डब्यापायी काय काय केलं ते ऐक. कंपनीच्या नंबरवरची मुलगी हिंदीत सांगायची, मॅडम, बटण दहा सेकंद दाबून धरा. धरलं. मग म्हणाली, कॉमन वायर तपासा. ती वायर म्हणजे काय, हे मला आपल्या ओळखीच्या कमलेशने सांगितलं. कमलेश बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षं एसी सांभाळतो. रात्रपाळी संपवून सकाळच्या गाडीने सफाळ्याला उतरायचा आणि एसटीने दहापर्यंत इथे यायचा. तो म्हणाला, या डब्याला सतत थोडी वीज लागते, एसीतून त्यासाठी वेगळी वायर यावी लागते. आपल्याकडे ती नाही, म्हणून बसवणाऱ्याने खोलीच्या बोर्डावर ॲडॉप्टर लावून दिला होता. कमलेशने ॲडॉप्टर बदलला, स्क्रू आवळले, व्होल्टेज मोजलं. सगळं ठीक. तो असेपर्यंत डबा एकदाही बंद पडला नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाला, ‘सुलूताय, हा मला बघून लाजतंय. मी गेलो की बघा कसा चाले करतो.’ आणि खरंच, दुसऱ्या दिवशी अकराला डबा बंद. मी दोन वाजता घरी यायची तेव्हा पुन्हा चालू.

शेवटी मी रजा टाकली. घरात असल्याचा आवाज होऊ दिला नाही. सैपाकघरात करंदीची मासळी निवडत बसले, दार उघडं ठेवून. अकराला बाबा उठले. काठी घेतली, भिंतीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं, बोर्डापाशी गेले आणि खट्कन बटण बंद केलं. मग बाहेर ओट्यावर जाऊन जाळं शिवायला बसले. दीडला आत आले, बटण चालू केलं, आडवे झाले. कमलेश आला की ते खोलीतच गप्पा मारत बसायचे, म्हणून त्याच्यासमोर डबा कधी बंद पडला नाही. वायर ठीक होती, लाइट ठीक होती, तुझी ताईही ठीक होती.

मी विचारलं, बाबा, बटण का बंद करता? माझ्यावरच उखडले. ‘बत्ती जलती ठेवून कोन भायेर जातं? बॅटरी बसली तं इंजिन चालू व्हायचं नाय. मग वल्हवत जा घराकडं!’ बोट हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा आहेस, तुला समजावून सांगायला नको. एकदा खलाशाने दिवा चालू ठेवला आणि बोट रात्रभर वाहत गेली, तेव्हापासून बोटीवर कुणाला विनाकारण बत्ती लावू दिली नाही त्यांनी. कमलेशने आता ॲडॉप्टर वरच्या वेगळ्या सॉकेटवर नेला आहे आणि दिव्यावर काळी पट्टी चिकटवली आहे. चार दिवस डबा चालू आहे. तू मोबाइलवर पाहिलंच असशील. मावशीला मात्र फोन केला नाहीस.

आता जे मी लपवलं ते लिहिते. बाबा बटण बंद करत होते ते नुसत्या जुन्या सवयीने नाही. त्या वेळी त्यांना आपण बोटीवरच आहोत असं वाटत होतं. दोन महिने असं होतंय. पालघरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, विसर वाढत जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही. तुला कळवलं नाही, कारण तू आणखी लवकर फॉर्म पाठवला असतास. ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण बुधवारी कमलेश काम संपवून निघाला तेव्हा बाबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, ‘धर्म्या, कवाची वाट बघतंय. जेवून जा.’ कमलेशने माझ्याकडे पाहिलं. मग ‘हो बाबा’ म्हणून त्यांच्या शेजारी बसला आणि जेवला. बाबाही त्या दिवशी पोटभर जेवले. मी वाढत होते आणि मला तुझा इतका राग आला की भाताचं भांडं हातातून निसटलं. त्या ‘हो’वर तुझा हक्क होता. चौदा तारखेला डॉक्टरांनी आपल्या दोघांना बोलावलं आहे. फोन करू नकोस, पैसे पाठवू नकोस, स्वतः ये. दारात उभा राहून तुझं नाव तूच सांग, मी सांगणार नाही. त्यांनी ओळखलं नाही, तर तसाच उभा राहा आणि पुन्हा सांग.

तुझीच, अजून रागातच असलेली,
सुलूताई