आमच्या गल्लीला गरज नाही

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. फक्त खरं लिहायचं. वाचणारा मीच, तेव्हा लपवायचं कोणापासून?
साहेबांनी मोठी जबाबदारी टाकली. कंपनीने घरोघर इंटरनेटचं फायबर का टाकावं, यावर बोर्डापुढे प्रेझेंटेशन. प्लॅनिंग विभागात वीस वर्षं काढली, आता कुठे कदर झाली. (बाकीचे दोघे रजेवर आहेत, हा योगायोग.)
जेवताना लेकीला सांगून टाकलं, मार्चमध्ये तुझी ऑनलाइन तोंडी परीक्षा आहे ना, त्याआधी आपल्या गल्लीत फायबर. बापाचा शब्द. ती म्हणाली, बघू.

७ जानेवारी, सकाळी ६
पहाटे उठून लिहायचा संकल्प. उठलो. राउटरवर लाल दिवा. तांब्याची जुनी तार, दमट हवा. लेक लेक्चर ऐकायला मोबाइल घेऊन गच्चीत. परत झोपलो.

११ जानेवारी
मुद्दे सुचले! तांब्याची तार म्हणजे रोजची दुरुस्ती. फायबर एकदा जमिनीत गेलं की दोन पिढ्यांची काळजी मिटली, वेग वाढवायचा तर फक्त टोकाच्या पेट्या बदलायच्या. आणि आपण नाही टाकलं तर दुसरी कंपनी टाकेल. गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.
बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, मग अडलंय कुठे? तिला बिझनेस कळत नाही.

१८ जानेवारी
साहेबांनी विचारलं, कुठल्या गल्लीत किती मागणी, याचे आकडे आहेत का. म्हटलं, आहेत, दोन वर्षांपूर्वीचा घरोघरचा सर्व्हे. आमच्या गल्लीचा तर मी स्वतः केलाय. शाबास म्हणाले.
घरी येताना बसने दोन स्टॉप पुढे गेलो. डुलकी लागली असेल.

२ फेब्रुवारी
डुलकी नव्हती.
तो सर्व्हे. आमच्या गल्लीत एकेचाळीस घरं. ऊन मी म्हणत होतं. शिवाय गुडघा. शिवाय ओळखीच्या लोकांची दारं वाजवायची म्हणजे तारेच्या तक्रारी ऐकायच्या. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळे फॉर्म मीच भरले. 'गरज नाही.' एकेचाळीस वेळा, आपलं घर धरून. सह्या वेगवेगळ्या वळणाच्या केल्या. लेक समोरच अभ्यासाला बसली होती. विचारलंन, बाबा, एवढं काय लिहिताय? म्हटलं, ऑफिसचं.
लाज वाटते. पण तेव्हा सगळेच असं करायचे. मी कुणाला विचारलं नाही, पण करत असणारच.

१२ फेब्रुवारी
प्रेझेंटेशन घरून दिलं. घसा बसला होता. (खरं लिहायचं तर, समोर माणसं असली की मी पाठ केलेलं विसरतो.)
अपूर्व! चार मिनिटांतच सगळे असे रंगले की कुणाची पापणी हलेना. चेअरमन कपाळाला हात लावून शेवटपर्यंत विचारात. पुढची चौदा मिनिटं एकही प्रश्न नाही. जाणकारांची दाद अशीच असते.

त्याच दिवशी, दुपारी
बायको म्हणाली, लाल दिवा केव्हापासून लागलाय, कुणाशी बोलत होतात?

१३ फेब्रुवारी
साहेब म्हणाले, 'आज आपल्या ग्राहकाला मिळणारी सेवा' इथपर्यंत ऐकू आलं, मग तुम्ही तोंड उघडं ठेवून थांबलात. बोर्ड खो खो हसला. चेअरमनना मुद्दा मात्र पटला. फायबर मंजूर.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जिंकलो.

२० फेब्रुवारी
गल्लीत कुणीतरी खणतंय. पाण्याची पाइपलाइन असेल.

२४ फेब्रुवारी
नकाशा आला. फायबरच्या गल्ल्या हिरव्या. डावीकडची हिरवी, उजवीकडची हिरवी, मधली आमची पांढरी. कारण: मागणी शून्य. खाली सर्व्हे करणाऱ्याची सही, ठसठशीत.
उद्या साहेबांना सांगणार.

२५ फेब्रुवारी
उद्या.

५ मार्च
लेकीने विचारलं, कधी येतंय? सगळं खापर ऑफिसच्या दिरंगाईवर फोडलं. तिने ऐकून घेतलं. हल्ली ती माझं सगळं ऐकून घेते.

१५ मार्च
लेकीची परीक्षा काल झाली. मला बायकोकडून आज कळलं.
कोपऱ्यावरच्या टेलरिंगवाल्या काकूंच्या दुकानात बसून दिली. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं फायबर आलंय. ते खणणं त्याचं होतं. परीक्षा चालू असताना काकूंनी तिन्ही मशीन बंद ठेवली, गिऱ्हाइकांना बाहेर उभं केलं. लेक पास झाली.
काकूंच्या घराचा फॉर्म नऊ नंबरचा. त्यांची सही मी तिरकी केली होती.

१८ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं. धैर्य लागतं. (त्यांना आधीच कळलं होतं. एकेचाळीस घरांत एकच शाई.) ओरडले असते तर बरं वाटलं असतं. कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, आता चाला.

२० मार्च
दोन दिवस राउटरवर हिरवा दिवा. आपली तार सुधारली! मी म्हणतच होतो.

२२ मार्च
चाललो. चाळीस दारं. प्रत्येकाने पाणी विचारलं आणि तेच उत्तर दिलं, दुसऱ्या कंपनीचं घेतलं, उशीर केलात. गुडघ्याला काही झालं नाही.
शेवटचं घर आपलं. बेल वाजवली. लेकीने दार उघडलं. फॉर्ममध्ये आहे तसं विचारलं, घरी फायबरची गरज आहे का? तिने बाजूला होऊन फळीवरची पेटी दाखवली. नवी, दुसऱ्या कंपनीची, तिच्या नावावर. हिरवा दिवा तिचा होता.
मी लिहिलं, 'गरज नाही.' या वेळी खरं.
सहीसाठी पेन पुढे केलं. ती म्हणाली, मागच्या वेळसारखी तुम्हीच करून टाका, बाबा.