लार्च ओढ्याचे मासे

सिअ‍ॅटल, ५ ऑगस्ट १९९४

प्रिय आर्लीन,

सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. आधी वाटलं, वय झालंय, भलतंच काहीतरी लिहितेय. तू ओढ्यातला ट्राउट धरून मक्याच्या पिठात घोळवून तळलास? गळ्याखाली तांबडी रेघ असलेला, आपल्या डोंगरातला अस्सल मासा! खालच्या नद्यांतून बाहेरच्या माशांनी त्याला कधीच हुसकावलं. उरलाय तो आपल्या कुरणातल्या ओढ्यात, आणि माझी सख्खी मोठी बहीण त्याच्यावर लिंबू पिळते. लाज कशी वाटली नाही?

मी इतकी वर्षं तिथे गळाला पिसांची खोटी माशी बांधून टाकतोय, पण एक मासा घरी आणला नाही. धरला, फोटो काढला, सोडला. आईला फ्रेम करून पाठवलेल्या फोटोतली, पाठीवर बगळ्याच्या चोचीचा व्रण असलेली ती मोठी मादीसुद्धा जुलैत माझ्या हातातून शेपटी मारून गेली. याला माया म्हणतात बाईसाहेब.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दवाखान्यातले दोघे मित्र घेऊन येतोय. त्यांनी असा मासा जन्मात पाहिलेला नाही. वरच्या कुरणाचं फाटक उघडं ठेव आणि तोवर कृपा करून तवा चढवू नकोस. आईचा गुडघा काय म्हणतोय, तिला विचार. राग उतरला की लोभाचं लिहीन.

तुझा,
वेंडेल

लार्च क्रीक, मोंटाना, १० ऑगस्ट

चि. वेंडेल यास अनेक आशीर्वाद. रिवाज म्हणून लिहिलेत, मनात दुसरंच आहे.

हो, तळला. आईला जेवण जात नव्हतं, सूप पुढे केलं की तोंड फिरवायची. म्हणाली, ओढ्यातला मासा खावासा वाटतोय. पाणी गार असताना एक धरला, लगेच मारला, तळला. काटेसुद्धा चोखले तिने. आणि लिंबू घरात नव्हतंच.

आता तुझ्या मायेचं ऐक. जुलैत तू भर दुपारी मासे धरलेस. पाणी कोमट होतं, गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती. केसासारख्या दोरीवर एकेकाला दमवलंस, बाहेर काढून फोटो काढलास आणि सोडलंस. अशा पाण्यात दमलेला मासा परत सावरत नाही. तो तुझ्या डोळ्यांपुढून गेला रे, जगला असं कुणी सांगितलं तुला? दुसऱ्या दिवशी तू झोपला होतास तेव्हा मी पाटाचं पाणी बघायला गेले. पाटाच्या तोंडाशी लावलेल्या जाळीला मासे अडकले होते, पोटं वर करून. तुझी व्रणवाली मादीही त्यांतच होती. मी जाळी साफ केली आणि तोंड दाबून गप्प बसले, कारण आई घरात तुझ्यासाठी पॅनकेक करायला बसली होती.

मी मारला तो पोटात तरी गेला. पूर्वी संध्याकाळी मासे उसळायचे तेव्हा अख्खा डोह खदखदायचा. आता तासभर बसलं तरी एखादा दिसतो. अजून एक उन्हाळा तुझ्या मायेचा, की संपला ओढा!

मित्रांना समुद्रावर ने. फाटकाला कुलूप घातलंय.

आर्लीन

सिअ‍ॅटल, १५ ऑगस्ट

आर्लीन,

नमस्कार. कुलूप? माझ्या बापाच्या कुरणाला?

मादीला बगळ्याने आधीच जखमी केलं होतं, ती मरायचीच. उगाच माझ्यावर बिल फाडू नकोस. ओढा तुझ्या गुरांनी तुडवला, पाणी तुझ्या पाटाने ओढलं, आणि खुनी मी! अगं, मी दर उन्हाळ्यात येतो. माझ्या हातून इतके मासे मरत असते, तर इतक्या वर्षांत एक तरी दिसला असता की नाही? एकदाही, एकही मेलेला मासा मी पाहिला नाही. आईला विचार हवं तर, तिला तरी खोटं बोलता येत नाही.

शनिवारी येणार म्हणजे येणार. किल्ली खिळ्याला लावून ठेव.

वेंडेल

लार्च क्रीक, २० ऑगस्ट

चि. वेंडेल यास आशीर्वाद.

विचारलं आईला. तुझं पत्र वाचून दाखवलं. एकही मेलेला मासा पाहिला नाही, इथवर आले आणि तिने मला थांबवलं. म्हणाली, तो खरंच सांगतोय, त्याला दिसणार कुठून?

दर उन्हाळ्यात तू आलास की ती सगळ्यांच्या आधी उठून पाटावर जायची. जाळीतले मासे बादलीत भरायची, बटाट्याच्या वाफ्यात पुरायची आणि हात धुऊन तव्यापाशी उभी राहायची. मलाही पत्ता लागू दिला नाही. यंदा गुडघ्याने दगा दिला, म्हणून जाळी माझ्या नजरेला पडली.

माझं डोकंच फिरलं. नको ते बोलले तिला. ओढा मरताना बघत बसलीस, असंसुद्धा बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा गेल्यापासून वेंडेल घरी येतो तो माशांसाठी. त्याला हे कळलं असतं तर त्याने गळाची काठी माळ्यावर टाकली असती, तेवढा चांगला आहे तो. मग इथे आला असता कशाला? चुकलं माझं, पण मला ओढ्यापेक्षा पोरगा हवा होता.

वर मलाच म्हणते, कुलूप काढ. मी नाही काढलं.

कुलूप राहणार. डोह पुन्हा भरेपर्यंत आत कुणाचीच काठी जाणार नाही, तुझी नाही आणि माझीही नाही. घराचं दार मात्र उघडं आहे. शनिवारी सकाळपासून ती खिडकीशी खुर्ची घेऊन बसणार म्हणते. मासे नसतील तर तो येणार नाही, असं मी तिला सांगून बघितलं. ऐकत नाही.

लोभ माशांपुरता नसावा, ही विनंती.

आर्लीन