काठी धरणारे दोघे

परमेश्वर साक्षी आहे. मी, सिल्व्हेस्टर हार्टनॉल, डेव्हन परगण्यातील कूम्बरली जहागिरीचे जुने कूळ, शरीराने खचलो आहे. पण डोके ठिकाणावर आहे आणि माझा हात धरून कोणी हे लिहून घेत नाही. छातीत पाणी झाले आहे असे वैद्य म्हणतो. मलाही तसेच वाटते. म्हणून शेवटची इच्छा लिहून ठेवतो.

आत्मा ज्याचा त्याला परत करतो. देह चर्चच्या आवारात माझा मुलगा ऑस्मंड याच्या डावीकडे पुरावा. उजवीकडे त्याची आई आहे. तो गेल्या सुगीत तापाने गेला. त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. घंटा फार वेळ वाजवू नये.

कूळ मेले की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर जहागीरदाराचे, हा इथला रिवाज आहे. म्हणजे तांबडी गाय जाईल. जाऊ द्यावी. दुसरे जनावर पुढे करण्याची लबाडी सगळेच करतात आणि सगळेच पकडले जातात. ती उजव्या बाजूने दूध काढू देत नाही, एवढे नेणाऱ्याला सांगावे.

आता जमिनीविषयी. घर, परसू, ओढ्याकाठचे गवताचे रान आणि वरचे शेत मी जहागिरीकडून धरतो. रिवाज असा की कूळ वारले तर जमीन त्याच्या विधवेकडे राहते, ती दुसरे लग्न करीपर्यंत. पण ऑस्मंड कूळ झालाच नव्हता. कूळ मी आहे. म्हणून त्याची विधवा थॉमसिन हिला रिवाजाने काही मिळत नाही. त्यांना मूल नाही. मी तसाच गेलो तर सगळे माझा पुतण्या पास्को याला जाईल. तो एक्सेटरला कापडाच्या धंद्यात आहे. ऑस्मंडला पुरले त्या दिवशी तो हातात बिअर घेऊन वरचे शेत पावलांनी मोजत होता. परत येऊन थॉमसिनला म्हणाला, "वहिनी, चूल तुमचीच समजा हो. वसंतापर्यंत." मी ऐकले.

ही सगळी जमीन थॉमसिनला आणि तिच्यामागे तिच्या वारसांना मिळावी, अशी माझी इच्छा आहे. तिने पुन्हा लग्न केले तरी ती तिचीच राहावी. हे मी तिला सांगितले तेव्हा ती रागावली.

"बाबा, या वयात मला कोण विचारतंय?"

"जमीन नावावर झाली की रांग लागेल."

"मग त्यांनी जमिनीशीच लग्न लावावं. तिला स्वयंपाकही येत नाही, भांडताही येत नाही. सुखी होतील."

ऑस्मंड गेल्यावर या घरात पहिल्यांदाच कोणी हसले.

पण अशी जमीन नुसत्या मृत्युपत्राने देता येत नाही. इथल्या एका शहाण्या माणसाने सुंदर अक्षरात आपल्या सावत्र लेकीला शेत लिहून दिले होते, पण काठी दिली नव्हती. जहागिरीच्या कारभाऱ्याने भर कचेरीत, सगळ्या कुळांसमोर, तो कागद वाचला, घडी घातली आणि शेत मयताच्या भावाला दिले. पोरगी तिथेच दारात उभी होती. रिवाज असा आहे की काठीचे टोक धरून जमीन आधी जहागीरदाराच्या हाती परत करायची आणि ती कोणासाठी ते बोलून दाखवायचे. हे कचेरीत करावे, किंवा बिछान्यावर, जहागीरदाराच्या वतीने काठी धरणाऱ्या दोन कुळांच्या देखत. त्या दोघांनी पुढच्या कचेरीत शपथेवर ते सांगायचे. सांगितले नाही, तर काठी दिलीच नव्हती असे धरतात.

कचेरी ईस्टरनंतर भरेल. मी तोवर टिकणार नाही. ओढ्याला पूर आहे, पलीकडची कुळे येऊ शकत नाहीत. अलीकडे दोघेच आहेत. एक मॅथ्यू शोब्रुक. दुसरा एलियास कोल्डिकॉट. एलियासने चर साफ केला नाही म्हणून मी पंच असताना त्याला दंड झाला. पुढच्या कचेरीत त्याने माझ्या मेंढ्या गायरानावर जास्त आहेत असे सांगितले आणि मला दंड झाला. तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो. आज सकाळी मी त्याला बोलावले.

"मेलास की काय, ते बघायला आलो," तो दारातूनच म्हणाला.

"अजून नाही. काठी धर."

"आधी खाली ठेव. डोक्यात घालशील."

"उचलायचं बळ असतं तर कधीच घातली असती."

त्याने टोपी काढली आणि काठीचे दुसरे टोक धरले. मॅथ्यूनेही धरले. जे म्हणायचे ते मी म्हणालो. मग एलियासने विचारले, "आणि मी कचेरीत गप्प बसलो तर? पास्को येऊन गेला माझ्याकडे. चांगला बोलतो."

"तर थॉमसिन रस्त्यावर."

"हे मित्राला सांगायचं सोडून मला सांगतोस?"

"मित्र माझ्या बाजूनं बोलला तर पास्को हरकत घेईल. तू बोललास तर कोण घेणार?"

त्याने काठी सोडली, टोपी घातली आणि गेला. सही करायला संध्याकाळी येतो, एवढे त्याने मॅथ्यूला सांगितले आहे.

म्हणून एलियास कोल्डिकॉट याला मी काहीही देत नाही, एक पेनीसुद्धा नाही. दिले तर साक्ष विकत घेतली असे म्हणतील. चराबाबत माझेच म्हणणे बरोबर होते.

पास्कोला माझा चांगला कोट आणि बायबल. त्याने भांडू नये. जमीन नावावर होताना जहागिरीला नजराणा द्यावा लागतो, त्यासाठी थॉमसिनने मेंढ्या विकाव्यात. ऑस्मंडचे बूट दाराशी आहेत. ते कोणी हलवू नयेत असे मी म्हणत आलो. आता मॅथ्यूला द्यावेत, त्याच्या पायाला येतील; जुन्या बुटांवर साक्ष विकत घेतली असे कोणी म्हणणार नाही. उरलेले सर्व थॉमसिनचे, आणि हे सगळे पार पाडण्याचे कामही तिचेच. तिला मी आणखी एक ओझे देत आहे याची मला जाणीव आहे.

याहून जास्त लिहिण्याची शक्ती नाही.

सिल्व्हेस्टर हार्टनॉल
कूम्बरली, नोव्हेंबरची अठरावी तारीख, सन १६३१

साक्षीदार:

मॅथ्यू शोब्रुक. काठी माझ्या हाती दिली, हे खरे.

एलियास कोल्डिकॉट, त्याची खूण ✕. त्याला लिहिता येत नाही. त्याने सांगितले तसे मॅथ्यूने लिहिले: काठी माझ्या हाती दिली. जमीन थॉमसिनसाठी, हे मी कानांनी ऐकले आणि कचेरीत तेच सांगेन. मी या माणसाचा मित्र नाही, हे कारभाऱ्याने लिहून घ्यावे.